कुलुपाला दिलेलं तुमचं नाव

कुसुम मोहोड बाई, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार तुमचे आहेत, हे मी मागच्या महिन्यात तुमच्या शोकसभेत माईकवर सांगितलं. तेवढं वाक्य खरं होतं. त्यानंतर पाच-सहा मिनिटं मी ॲपच्या कौतुकाचं जे बोललो, ते तुम्ही समोर असता तर मला बोलू दिलं नसतं.

सभा वर्ध्यातच झाली. टेबलावर तुमचा तो चष्मा कपाळावर ढकललेला फोटो होता. हार तुम्हाला आवडत नसे, म्हणून तुमच्या भाचीने, सविताने, कोणालाच घालू दिला नाही. मागच्या पडद्यावर आपलं स्वयंपाक शिकवणारं ॲप. पुण्याहून माझ्या कंपनीचे मोठे साहेब आले होते. तुम्ही त्यांना कधी भेटला नव्हता. ते म्हणाले, "मोहोड मॅडम विशेष मुलांच्या सुरक्षेसाठी आयुष्यभर झटल्या. म्हणून ॲपमधल्या गॅसच्या कुलुपाला यापुढे आम्ही 'कुसुम कवच' असं नाव देत आहोत." शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. पण मागून कोणीतरी एक वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होतो. मीही वाजवल्या.

ज्या कुलुपामुळे शेवटच्या दीड वर्षात तुम्ही माझं तोंड पाहिलं नाही, त्या कुलुपाला तुमचं नाव लागलं आणि मी टाळ्या वाजवत बसलो. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी जेवतो, झोपतो, ऑफिसला जातो. त्याचाच जास्त राग येतो, म्हणून लिहायला बसलो आहे.

यातलं बहुतेक तुम्हाला ठाऊक आहे. वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आष्टीच्या शाळेत तुम्ही आम्हाला गणित शिकवायच्या आणि माझी आई त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वडील पिठाच्या गिरणीवर कामाला होते आणि मीही तिथेच उभा राहणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. निकालानंतर तुम्ही खिचडीच्या खोलीत आलात, उलट्या बादलीवर बसलात आणि आईला म्हणालात, "हे पोट्टं गणितात चुकत नाई. तुमी काऊन चुकता?"

आई घाबरली. "आमाले काय समजते, मॅडम. तुमी म्हणसान तसं."

"मंग सोमवारी एसटीत बसवा त्याले. मी संग हावो."

सोमवारी तुम्ही माझ्या शेजारी बसलात. मला गाडी लागली, तुम्ही पिशवीतून लिंबू काढलं. वर्ध्याच्या कॉलेजात फॉर्म भरताना 'आईचा व्यवसाय' ही ओळ मी कोरी सोडली. तुम्ही फॉर्म ओढून घेतला, तुमच्या अक्षरात 'स्वयंपाक' लिहिलं आणि म्हणालात, "लाजतं काऊन बे? अख्खी शाळा तिच्या हातचं खाते." त्यानंतरचे सगळे फॉर्म, पदवीचे, नोकरीचे, मी स्वतः भरले आणि त्या ओळीवर पुन्हा कधी अडखळलो नाही. एवढं देणाऱ्या माणसाशी मी पुढे कसा वागलो ते आता येतं.

मी नागपूरला नोकरीला लागलो. तुम्ही निवृत्त होऊन वर्ध्याला आलात. आराम कराल असं वाटलं होतं. तुम्ही आर्वी नाक्याजवळ दोन खोल्या घेतल्या, तीन गॅस मांडले आणि ज्यांची बुद्धी हळू चालते अशा सात जणांना स्वयंपाक शिकवायला लागलात. सगळे अठरा ते तिशीतले. शाळा सुटलेली, काम नाही, दिवसभर घराच्या ओट्यावर बसलेले. तुम्ही त्यांना कुठलंच नाव दिलं नव्हतं. 'माह्ये पोरं' एवढंच म्हणायच्या.

मग एक दिवस तुमचा फोन आला.

"प्रमोद, तू मोबाइलातले कामं करतो म्हणे?"

"हो बाई."

"मंग शनिवारी येजो. पोराईले सैपाक शिकवाचा हाय."

"बाई, मला स्वयंपाक येत नाही."

"तुले शिकवाले सवड कोणाले हाय? त्याईच्या हातात देता येईन असं काई तरी बनव."

मी दोन महिने नागपुरात बसून एक ॲप केलं. ऑफिसात सगळ्यांना आवडलं. वर्गात ते पहिल्यांदा पौर्णिमाच्या हातात दिलं. पौर्णिमा तेव्हा तेवीस वर्षांची, सिंदी मेघेला राहणारी, बोलायला कमी आणि बघायला पक्की. फोन बोलला, "एका पातेल्यात दोन वाट्या पाणी घ्या." तिने सगळी खोली नजरेने फिरून पाहिली. "पातेलं नाई," म्हणाली आणि फोन खाली ठेवला. तिच्यासमोर चांगला मोठा गंज होता. आपल्याकडे कोणत्या घरात त्याला पातेलं म्हणतात?

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "आष्टीचाच हायस ना बे तू? का पुस्तकातून निंगालास?"

शब्द बदलले तरी पुढे अडलंच. 'चवीपुरतं मीठ' ऐकून एकाने मूठभर टाकलं. 'मध्यम आच' कोणालाच कळेना. माझ्या फोटोतली कढई चकचकीत, पौर्णिमाच्या घरची काळी आणि एका कानाची. तिला ती कढई आहे हेच पटेना. पुढचे सहा शनिवार तुम्ही मला कोपऱ्यात बसवून ठेवलंत. "फोन पिशवीत टाक. नुसतं पाय."

पाहिलं तेव्हा तुमची रीत कळली. तुम्ही शेवटून शिकवायच्या. चून करायचं असेल, म्हणजे आपलं पिठलं, तर पहिले कितीतरी दिवस सगळं तुम्हीच करायच्या. पौर्णिमाने फक्त गॅस बंद करायचा आणि ताटात वाढायचं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी: बेसन घोटायचं, गॅस बंद करायचा, वाढायचं. मग त्याच्याही आधीची. काम रोज तिच्याच हातून पुरं व्हायचं, ताट रोज तिच्याच हातून पुढे यायचं. सगळ्यात भीतीचं काम, गॅस पेटवणं, ते सगळ्यात शेवटी. तोवर तो बंद करायची सवय तिच्या हातात पक्की मुरलेली असायची. मी पाककृती वरून खाली वाचणारा माणूस. मला हे उलटं वाटलं आणि तसं मी बोललोही.

"अर्धं सोडून उठाची सवय लागली का माणूस जन्मभर अर्धंच सोडते," तुम्ही म्हणालात. "पह्यले पुरं करू दे त्याईले."

दुसरं ॲप आपण दोघांनी मिळून केलं. त्यात हात माझे होते, अक्कल तुमची. ज्याचं घर, त्याच्याच भांड्यांचे फोटो. पौर्णिमाच्या घरी जाऊन मी तिचा चेमटलेला गंज, तिचा सराटा म्हणजे उलथणं, तिच्या मिठाचा निळा डबा यांचे फोटो काढले. शेगडीच्या बटनावर, जिथे मध्यम आच येते तिथे, तुम्ही नेलपॉलिशचा ठिपका दिला. गरम भांड्याला लाल चिकटपट्टी: लाल म्हणजे हात लावायचा नाही, हा तुमच्या वर्गाचा पहिला नियम होता. आणि आवाज ज्याचा त्याचा. पौर्णिमाला हे सांगितलं तेव्हा ती किती वेळ हसत होती. "मले मीच सांगू?" म्हणाली. मग फोन तोंडाशी धरून ऐटीत बोलली, "पौर्णिमा, आता गॅस बंद कर." एखादी पायरी दहा वेळा बरोबर झाली की फोन त्या पायरीला गप्प राहायचा. ही युक्तीही तुमचीच. शेवटी फोनाची गरजच पडू नये, असं तुमचं म्हणणं होतं.

आठ महिने लागले. मग एका रविवारी सकाळी पौर्णिमाने तिच्या घरी, एकटीने, गॅस पेटवून चून केलं. तिच्या आईला तुम्ही अंगणात खाटेवर बसवलं होतं आणि उठायची बंदी केली होती. आपण दोघं दाराबाहेर. काडी ओढल्याचा आवाज आला तेव्हा तुम्ही माझं मनगट असं धरलं की नंतर वळ दिसत होता. आत फोन दोनदा बोलला आणि पुढे बोललाच नाही. फोडणीचा वास आला. थोड्या वेळाने पौर्णिमा ताट घेऊन बाहेर आली.

आईने घास घेतला. "मीठ कमी हाय वं."

"घे मंग. डबा तठी हाय," पौर्णिमा म्हणाली आणि आत जाऊन स्वतःसाठी वाढून घेतलं.

तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की शेजारच्या घरातून माणसं डोकावली. बाई, तो आपल्या दोघांचा शेवटचा चांगला दिवस.

त्या रविवारचा व्हिडिओ मी ऑफिसात दाखवला आणि कंपनीने ॲप हाती घ्यायचं ठरवलं. मला वाटलं, तुमचं काम दूरवर जाईल. अजूनही मला तो विचार वाईट वाटत नाही, वाईट त्यापुढचं आहे. हजारो घरांतल्या भांड्यांचे फोटो कोण काढणार, म्हणून फोटो गेले आणि सुबक चित्रं आली. ज्याचा त्याचा आवाज गेला, पुण्यातल्या एका मुलीचा गोड आवाज आला. पायऱ्या पुन्हा वरून खाली लागल्या. प्रत्येक वेळी मी 'हे तात्पुरतं आहे' म्हणालो आणि तुम्ही गप्प राहिलात.

मग पौर्णिमाची दोन बोटं कढईला भाजली. तुम्ही शिकवल्याप्रमाणे तिने ती नळाखाली धरली, परत येऊन चून पुरं केलं आणि गॅस बंद केला. हे सगळं तिच्या आईने सांगितलं. पण तिचा भाऊ नरेश वर्गात आला तो फक्त बोटांवरच्या फोडांची गोष्ट घेऊन आला. बाकीचे आईबाप त्याच्या मागे उभे राहिले. नरेश वाईट माणूस नाही. कारखान्यात पाळीची नोकरी, घरी आजारी आई, ही एक बहीण. तो घाबरला होता. कंपनीला हे मीच कळवलं आणि कंपनीने कुलूप सुचवलं: गॅसची पायरी लाल दिसेल आणि पालकाने आपल्या फोनवरून परवानगी दिल्याशिवाय उघडणार नाही. गॅसची पायरी आता पहिली होती. म्हणजे ती उघडली नाही तर पुढचं काहीच उघडणार नाही.

हे सांगायला मी शनिवारी आलो. तुम्ही मेथी निवडत होता.

"तुही बोटं कधी भाजली नाईत?" तुम्ही विचारलं.

"बाई, माझी गोष्ट वेगळी."

"काऊन वेगळी?"

तुम्ही बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत जुने चट्टे. "हे पाय. लहानपणचा हाय हा. हा लग्नातल्या पुऱ्या तळतानीचा. माह्यावर कोणं कुलूप लावलं का?"

"उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी."

"तुम्ही किती दिवस पुरणार, बाई?"

"म्हून त शिकवून राह्यली ना बाबू." तोवरही तुमच्या आवाजात राग नव्हता. "पह्यल्याच पायरीवर कुलूप म्हंजे पोरगी दारातच उभी. आत शिकवतो म्हणतं, अन् आत येऊ देत नाई. हे कोणतं शिकवणं?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. ते मी एसटीतच जुळवून आणलं होतं, हे आज कबूल करतो. "बाई, ही मुलं तुमचे प्रयोग नाहीत."

तुमच्या हातातली जुडी तशीच राहिली. "अन् तुह्ये काय हायेत? गिऱ्हाईक?" एवढं बोलून तुम्ही आत गेलात. मी अर्धा तास थांबलो. चहा आला, तो पौर्णिमाने आणला.

आठ दिवस तुम्ही फोन घेतला नाही. नवव्या दिवशी मी तुम्हाला पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही. त्या पत्राकडे मी शेवटी येणार आहे.

कुलूप लागलं. परवानगीचं बटन नरेशच्या फोनवर, त्याच्यावर लाल अक्षरांत सूचना: एकट्याने गॅस लावू देऊ नका. कारखान्यात फोन बाहेर जमा करावा लागायचा, म्हणजे दिवसाचे आठ तास, जाणंयेणं धरून दहा, पौर्णिमाच्या हातात लाल पडदा. मला वाटायचं, तिला ॲपची गरजच नाही, चून तर तिला पाठ आहे, करेल. पण तिच्यासाठी लाल म्हणजे हात लावायचा नाही. तुम्हीच शिकवलेला नियम, आणि मी रंगही तोच वापरला होता, कारण मुलांना तो कळतो. तिला तो कळला. तिने गॅसला हात लावणं सोडलं. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा शेजारीण ताट पाठवायची आणि पौर्णिमा ते वाढायची. आई गेली. महिन्याभरात नरेशने पौर्णिमाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात नेऊन ठेवलं.

नेण्याआधी तुम्ही त्याच्या दारात जाऊन बसला होता, हे मला नंतर सविताने सांगितलं. तुम्ही म्हणालात, ती सैपाक करते, घर सांभाळते, राहू दे तिले घरी. नरेशने फोन काढून तुमच्यासमोर धरला. "मॅडम, तुमच्याच ॲपात लिवलं हाय, एकटीले गॅस लावू देऊ नका. मी काय खोटं बोलून राह्यलो?"

त्या संध्याकाळी तुमचा फोन आला. मी केवढ्या आनंदाने उचलला! तुम्ही एवढंच बोललात: "पौर्णिमाले घेऊन गेले, प्रमोद. तुह्या ॲपानं साक्ष देल्ली." मी 'बाई' म्हणेपर्यंत फोन बंद.

आता मलाही तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही गेलात म्हणून ते गिळून टाकणार नाही. त्यानंतर मी तीनदा वर्ध्याला आलो आणि तिन्ही वेळा तुम्ही सविताकरवी 'घरी नाहीत' सांगितलं. आतून तुमचा खोकला ऐकू येत होता. सावंगीच्या दवाखान्यात तुम्ही एकोणीस दिवस होता आणि मला शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावरून कळलं, तेही तुम्ही गेल्यावर. माझ्याशी बोलणं बंद केलंत ते ठीक. पण त्या कुलुपाविरुद्ध तुम्ही कुठेच बोलला नाहीत. कंपनीला दोन ओळी लिहिल्या असत्या, पालकांना एकदा बोलावलं असतं, मला चार लोकांत फाडून खाल्लं असतं, तर मी कदाचित शुद्धीवर आलो असतो. तुम्ही रागावलात आणि दार लावून घेतलंत. तुमचा राग तुम्हाला परवडला, बाई. पौर्णिमाला नाही परवडला.

आणि बाळूमामाबद्दल तुम्ही मला काऊन नाही सांगितलं? सभेनंतर सविता तुमच्या रिकाम्या वर्गात बसून बोलली. तुमचा धाकटा भाऊ. पौर्णिमासारखाच. त्याला जन्मभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कोणी येऊ दिलं नाही, काडेपेटी त्याच्यापासून लपवून ठेवायचे. तुमची आई गेल्यावर एकदा घरचे लग्नाला गेले आणि दोन दिवस अडकले. परत आले तेव्हा घरात पीठ होतं, तांदूळ होते, आणि बाळूमामा उंबऱ्याबाहेर उपाशी बसलेला होता. तुम्ही पंधरा वर्षं मला ओळखत होता. एका शनिवारी मेथी निवडताना हे सांगितलं असतं तर? मग वाटतं, सांगितलं असतं तरी मी त्याची एक चांगली स्लाइड केली असती आणि कुलूप लावलंच असतं.

गेल्या रविवारी मी पौर्णिमाला भेटायला गेलो. वसतिगृह स्वच्छ आहे, हे सांगायला हवं. ती बारीक झाली आहे. मला पाहून तिने आधी माझ्या मागे पाहिलं.

"बाई?"

"नाही आल्या."

"सुट्टी हाय?"

मी 'हो' म्हणालो. मग तिने विचारलं, "फोन आणला?" माझ्या फोनमध्ये आपलं जुनं ॲप अजून आहे. लावलं. तिच्या घरचा गंज दिसला, निळा डबा दिसला. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "माह्या." शेवटच्या पायरीला तिचाच आवाज आला, "पौर्णिमा, आता गॅस बंद कर." तिने हवेत मनगट फिरवलं, बरोबर बंद करायच्या दिशेने. मग म्हणाली, "इथी नाई लावू देत." तक्रार नव्हती त्यात. नियम सांगत होती.

तिथल्या बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "तुमचं ॲप छान आहे हो. पाहुणे आले की आम्ही दाखवतो."

तिथून थेट नरेशकडे गेलो. म्हटलं, घरी आणा तिला, मी कुलूप काढून देतो, शनिवार-रविवार येत जाईन. त्याने मला पाणी दिलं, बसवलं आणि शांतपणे बोलला. "भाऊ, तुमीच लावलं. आता तुमीच म्हणता काढा. बाई असत्या त त्याईच्या भरोशावर आणली असती. तुमच्या भरोशावर कशी आणू?"

पाणी पिऊन मी निघालो. त्याच्याकडे पुन्हा जाणार आहे, आणि नाही म्हणाला तर त्यानंतरही. निदान त्याला हे तरी कळावं की त्याच्या फोनमधलं ते लाल वाक्य तुमचं नव्हतं. आजवर त्याला ते तुमचंच वाटत आलं आहे. आता त्याच्यावर तुमचं नावही लागलं, म्हणजे पुढे कुठल्याही गावातला कुठलाही भाऊ तेच दाखवून म्हणेल की मोहोड मॅडमच सांगून गेल्या. कंपनीला मी लिहिलं आहे की नाव काढा आणि कुलूप ज्याने त्याने ठरवून लावावं, सगळ्यांवर लादू नका. उत्तर आलं: पुढच्या बैठकीत विचार करू. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

पुरावा म्हणून माझ्याकडे एकच कागद आहे. सविताने तुमच्या कपाटातली पौर्णिमाची फाइल मला दिली. त्यात माझं ते पत्र होतं, सोबतचा फॉर्म कोरा. गणिताच्या वहीत तुम्ही चूक दुरुस्त करत नव्हता. जिथे गणित चुकलं तिथे पेन्सिलीची एक रेघ ओढून वही परत द्यायच्या, बाकी आम्ही शोधायचं. पत्रात तुमची एकच रेघ आहे, शेवटच्या वाक्याखाली. एकही शब्द न बदलता ते पत्र इथे उतरवतो. ज्यांना कुलूप कोणाचं हे ठरवायचं असेल, त्यांनी ठरवावं.

*

आदरणीय कुसुमबाई यांस,

सादर प्रणाम.

आपण फोन घेत नाही म्हणून पत्र लिहीत आहे. त्या दिवशी बोलण्याच्या ओघात माझ्याकडून अधिकउणे बोलले गेले, त्याबद्दल क्षमा असावी. आपले माझ्यावरील ऋण या जन्मी फिटणारे नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे.

कुलुपाविषयी आपण मांडलेला विचार मी वरिष्ठांच्या कानावर घातला. त्यांनी तो आदराने ऐकून घेतला. तथापि सर्व बाजू पाहता गॅसची पायरी पालकांच्या संमतीशिवाय उघडू नये, असेच ठरले आहे. यात मुलांचे हित आहे, हे आपण माझ्याहून चांगले जाणता.

आपणास ऐकून आनंद होईल की ॲपच्या पहिल्या पानावर पौर्णिमाचा फोटो येणार आहे. तिच्यापासून इतरांना प्रेरणा मिळेल. सोबत एक फॉर्म जोडला आहे. त्यावर मार्गदर्शक म्हणून आपली सही आवश्यक आहे. मी फुलीची खूण केली आहे, त्या जागी सही करून सोबतच्या पाकिटातून पाठवावा, ही विनंती.

आई आपली नेहमी आठवण काढते. प्रकृतीस जपावे.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
प्रमोद

ता. क. फोटोसाठी पौर्णिमाच्या संमतीचा कागद राहिला होता. काल मी स्वतः तिच्या घरी जाऊन त्यावर नरेशभाऊंची सही घेतली. पौर्णिमा घरीच होती, पण आत एकटी स्वयंपाक करत होती, म्हणून तिला बोलावले नाही.